दाल्लेचा टाका

"...ते सगळं राहू द्या, सुनिम. असा टाका असतो की नाही, तेवढंच सांगा. कधीच न सुटणारा."

म्योहे सुनिम फळं सोलत होत्या. टेंभुर्णीच्या जातीची, पण मुठीएवढी केशरी फळं. सोलून दोरीला टांगली की हिवाळाभर पुरतात. साल एका सलग फितीसारखी खाली उतरत होती. ती तुटली नाही.

"असतो ना?"

"असतो."

दाल्लेचा जीव भांड्यात पडला. एवढा डोंगर चढून आल्याचं सार्थक झालं, असं तिला वाटलं.

तिला तसं वाटलं, म्हणून मी सांगतो. सार्थक कशात होतं ते तिला अजून कळायचं होतं.

कोरियात भिक्षूला आणि भिक्षुणीला 'सुनिम' म्हणतात. म्योहे सुनिम म्हाताऱ्या होत्या. डोंगरावरच्या लहानशा मठात येण्याआधी, लहान मुलगी असल्यापासून, त्या राजवाड्यातल्या शिवणघरात होत्या. राजघराण्याच्या अंगाला लागणारं कापड त्यांच्या हातून गेलेलं. खालच्या गावात त्यांची आख्यायिका होती, आणि आख्यायिकेला शोभेल इतक्या त्या कमी बोलत.

दाल्लेचं तसं नव्हतं. दाल्ले हे तिकडे वसंतात उगवणाऱ्या एका रानभाजीचं नाव, कांद्याच्या पातीसारखी, जिभेला झोंबणारी. आईबापांनी नाव विचार करूनच ठेवलं असावं.

नाक्तोंग नदीच्या त्या काठी तिच्यासारखी सुई कुणाची नव्हती. लग्नाचे कपडे शिवायचे तर दाल्लेनेच. रेशमी दोरा दुहेरी करायचा, मेण लावायचं, आणि उलटी टीप घालत जायची. एक पाऊल पुढं, अर्धं मागं. टाके असे की खसखशीच्या दाण्यांची रांग. शेवटाला गाठ, गाठीवर गाठ. "दाल्लेने शिवलं ते चितेवरच सुटायचं," असं लोक म्हणत. लोक हे कौतुकाने म्हणत की वैतागाने, याचा तिने कधी विचार केला नाही.

करायला हवा होता. कारण त्या देशात कपडे नुसते धूत नाहीत. हिवाळ्याचा, आत कापूस भरलेला कपडा असेल, तर आधी त्याच्या शिवणी उसवतात. अस्तर वेगळं, वरचं कापड वेगळं, कापूस वेगळा. कापड धुवायचं, खळ द्यायची, दगडावर ठेवून लाकडी दांडक्यांनी बडवून गुळगुळीत करायचं. कापूस उन्हात पिंजायचा. मग पुन्हा सगळं जुळवायचं आणि शिवायचं. दरवर्षी, प्रत्येक घरात, प्रत्येक बाईने. आजी करायची, पणजी करायची. चोळीसारखा आखूड चोगोरी कधीकाळी कमरेपर्यंत पोचायचा, तो वर वर सरकत बगलेशी आला. पट्टे गेले, बंद आले. पण उसवणं काही गेलं नाही.

दाल्लेच्या घरी हे काम सासूकडे होतं. सासू अंगणात बसून तिने घातलेल्या शिवणी दातांनी तोडायची आणि काहीबाही पुटपुटायची. दाल्लेला ती आपली स्तुतीच वाटायची. सासू गेल्यावर तिने सोपा उपाय काढला. शिवणीलगत कापायचं आणि वर्षागणिक कपडा बोटभर अरुंद करायचा. टाका उसवायचा म्हणजे आपणच आपल्या तोंडात मारून घ्यायचं, असं तिचं मत.

"असतो, तर मग शिकवा," दाल्ले म्हणाली. "परवा मानबोक निघतोय. वेळ नाही मला."

मानबोक तिचा मुलगा. एकुलता एक. यंदा उत्तरेच्या सरहद्दीवर शिपाई म्हणून जायची पाळी त्याची होती.

"काय आणलंयस?"

दाल्लेने गाठोडं सोडलं. चौकोनी तुकडे जोडून शिवलेल्या त्या गाठोड्यात दोन अंगरखे होते. एक नवा, मुलाचा: गुडघ्याखाली पोचणारा लांब अंगरखा, बेतून, कापून, आत पसरायचा पांढराशुभ्र कापूस सोबत घेतलेला. फक्त शिवण बाकी.

"हा मानबोकचा. एकदा शिवला की त्याने तिथे तो अंगातून काढायचाच नाही. वारा शिरता कामा नये, बर्फ शिरता कामा नये. टाका सुटता कामा नये, सुनिम. तिकडे नदी गोठते म्हणतात. बैलगाड्या जातात वरून."

"सरकार अंगरखे देतं."

"कागदाचे!" दाल्ले फणकारली.

ते खरं होतं. राजधानीत मोठ्या परीक्षा होत. ढीगभर पोरं बसत, मूठभर पास होत. नापास झालेल्यांच्या उत्तरांचे जाड कागद गोळा करून सरकार ते सरहद्दीवर पाठवी, आणि ज्या शिपायांना कापूस परवडत नसे त्यांच्या अंगरख्यांत ते भरले जात. नापासांची विद्या अशी कुणाच्या तरी पाठीला ऊब देई. विद्येचा इतका उपयोग पुष्कळ पास झालेल्यांच्या हातूनही होत नाही.

"माझा पोरगा कागद घालणार नाही," दाल्ले म्हणाली. "त्याच्या बापालाही मी घालू दिला नव्हता."

सुनिमनी फळ खाली ठेवलं.

"आणि हा दुसरा?"

दाल्लेचा आवाज उतरला. "हा त्याच्या बापाचा."

...

छादोल सरहद्दीवर गेला तेव्हा मानबोक अजून रांगत होता. दाल्लेने नवऱ्याला असा अंगरखा शिवून दिला की गावातल्या बाया बघायला आल्या. पहिल्याच हिवाळ्यात छादोल गारठून गेला. वसंतात पलीकडच्या गावचा एक शिपाई अंगरखा घेऊन दारात उभा राहिला.

त्या शिपायाच्या अंगात कागदाचा अंगरखा होता. दाल्लेला तो आजही डोळ्यांसमोर दिसे. टाके कसले, कोंबडी चालून गेल्यासारखे. कुठे काळा दोरा, कुठे पांढरा, कुठे सुंभ. बगलेतून गवताची काडी बाहेर आलेली. असल्या ध्यानात हा माणूस परत आला, आणि माझा कापसातला माणूस आला नाही... त्या दिवशी तिने देवालाही सोडलं नाही.

माणूस गेला की त्याचा अंगरखा घेऊन घराच्या छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तो हवेत हलवायचा आणि नाव घेऊन तीनदा हाक मारायची, 'परत ये': अशी तिकडची रीत. दाल्लेने हाका मारल्या. छादोल उत्तरेलाच पडला होता, तेव्हा हाक निदान योग्य दिशेला गेली. मग तो अंगरखा पुरायचा किंवा जाळायचा असतो. दाल्लेने तो ठेवून घेतला. इतकी वर्षं पेटीच्या तळाशी होता. तिने तो कधी उघडला नाही, धुतला नाही.

"हा कशाला आणलास?" सुनिमनी विचारलं.

"टाका बघावा तुम्ही, म्हणून." दाल्लेची मान आपोआप ताठ झाली. दुःख झालं म्हणून काय झालं, कसब ते कसब. "दोन डोंगर ओलांडून गेला, बर्फात राहिला, परत आला. एक टाका सुटला नाही. बघा. माणूस गेला, टाका गेला नाही. आता यापेक्षाही पक्का पाहिजे मला."

सुनिमनी अंगरखा मांडीवर घेतला. डोळे मिटले. हात खांद्यांवरून फिरवला, पाठीवरून फिरवला, खाली घेराशी आणला. घेराशी हात थांबला. मग वर, डाव्या बगलेत गेला. तिथेही थांबला.

बराच वेळ तो तिथे होता.

"उंदराने कुरतडलंय जरासं," दाल्ले घाईने म्हणाली. "दोऱ्याला लागलंय, पण तुटला नाही."

सुनिमनी डोळे उघडले.

"हा उसव."

"...काय?"

"हा उसवलास की तुझा टाका दाखवते."

"सुनिम, ही त्यांची आठवण आहे!"

म्योहे सुनिमनी पुढचं फळ उचललं.

...

दाल्लेच्या नाकावर माशी बसलेली खपत नसे. पण तिला टाका हवा होता, आणि पोरगा परवा निघायचा होता. ती ओसरीवर पाय दुमडून बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आपली शिवण उसवायला घेतली.

सुईचं टोक टाक्याखाली शिरेना. मेण लावलेला दोरा कापडात रुतून बसला होता. तिने जोर लावला. सुई मोडली.

"कात्री आहे मठात?"

"आहे. कापड कापलं जाईल."

"मग?"

"मग पुढच्या वेळी अरुंद होईल."

दाल्ले चपापली. हे या म्हातारीला कुणी सांगितलं? कुणीच नाही. सुनिमनी आयुष्यभर कपडे हाताळले होते. तिच्याच अंगातल्या चोगोरीकडे एकदा पाहिलं असेल, बस.

आता दाल्लेनेही त्यांच्या अंगाकडे पाहिलं. करडा, विरलेला झगा. राजवाड्यातली शिवणकारीण ती, आणि झग्याला लांब लांब टाक्यांचा साधा धावदोरा! शिवणीच्या कडेने बारीक भोकांच्या रांगा होत्या, एकीशेजारी एक. दरवर्षी उसवून पुन्हा शिवल्याच्या. दाल्लेने ओठ मुरडले. म्हातारपणी हात गेला असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि दुसरी सुई घेतली.

दुपार कलली. बोटांना रक्त आलं. एका हाताएवढीही शिवण सुटली नव्हती. आपलाच टाका असा वैऱ्यासारखा वागेल हे तिला खरं वाटेना. तिला रागही येत होता आणि, लपवत कशाला, आतून अभिमानही वाटत होता. जित्याची खोड.

"सोड," सुनिम म्हणाल्या. "नसेल जमत."

"जमणार नाही म्हणजे काय? मीच घातलाय ना?"

तिने अंगरखा उलटापालटा केला. कुठून सुरुवात केली तर दोरा हाती लागेल? डाव्या बगलेत, जिथे उंदराने कुरतडलं होतं, तिथे दोरा थोडा पिंजल्यासारखा झाला होता. तिथे धरता येईल. सुई तिथे नीट पोचेना. मग सासू करायची तेच तिने केलं. अंगरखा तोंडाशी नेला आणि दात लावले.

दात बरोबर बसले.

दाल्ले थांबली.

दात अगदी बरोबर बसले होते. वरचे वर, खालचे खाली. कापडावर दाबल्याच्या बारीक खुणा होत्या, अर्ध्या चंद्रासारख्या, आणि तिचे दात त्या खुणांवर टेकले होते.

उंदराचे दात इतके मोठे नसतात.

...

तिने अंगरखा हळूच खाली घेतला. सुनिमनी फिरवला होता तसा हात खांद्यांवरून फिरवला. खांद्यांत काही नव्हतं; दोन कापडं एकमेकांना चिकटलेली. पाठीत काही नव्हतं. सगळा कापूस ओला होऊन, वाळून, पुन्हा ओला होऊन खाली सरकला होता आणि घेराशी गोळे होऊन बसला होता. दगडासारखे.

ते गोळे सोडवून कापूस परत वर पसरायला हवा होता. कुणीही तेच केलं असतं. शिवण उसवायची, कापूस पिंजायचा, पसरायचा, शिवायचं. कोंबडीच्या पावलांसारखं का होईना. कापूस नसेल तर गवत भरायचं.

"त्यांच्या कमरेला सुरी असायची," दाल्ले म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "शिपायाला देतातच. कापड कापलं असतं तर... एका झटक्यात..."

दाल्लेचं बोट त्या खुणांवरून फिरलं.

"कापड कापलं नाही त्यांनी. माझं काम खराब होईल म्हणून. दातांनी... दातांनी उसवत बसले. दातांनी!"

मग ती रडली. छपरावर चढून हाका मारल्या तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा तिला राग आला होता. आता मात्र अंगरख्यात तोंड खुपसून ती इतकी रडली की अंगणातली कोंबडी लांब जाऊन उभी राहिली. सुनिमनी तिला थोपटलं नाही, समजावलं नाही. फळं सोलून संपली होती. सुनिम देठांना दोरी बांधत राहिल्या.

कितीतरी वेळाने दाल्लेने तोंड वर केलं. डोळे सुजले होते, पण जबडा आवळलेला.

"सुनिम."

"बोल."

"मी उसवते हा. पूर्ण."

तिने पुन्हा त्याच जागी दात लावले. जिथे तो थांबला होता तिथून तिने सुरुवात केली.

...

त्या रात्री ती मठातच राहिली. उजाडलं तेव्हा ओसरीवर छादोलचा अंगरखा सुटा सुटा मांडून ठेवला होता. बाह्या इथे, पाठ तिथे, अस्तर कठड्यावर. इतकी वर्षं पेटीत माणसासारखा निजलेला अंगरखा आता नुसतं कापड झाला होता. दाल्लेला ते बघवत नव्हतं, तरी ती बघत होती.

कापसाचे गोळे तिने उन्हात ठेवले आणि बोटांनी पिंजायला घेतले. आधी सुटेनात. मग एक सुटला, दुसरा सुटला. दुपारच्या आत पुन्हा कापूस झाला; पिवळट, पण हलका. तिने तो हातात धरला. फुंकर मारली तर उडाला असता.

"हा मानबोकच्या अंगरख्यात घालते," ती म्हणाली. "पाठीला. नवा वरून."

सुनिमनी मान डोलावली आणि दोऱ्याची रिळं ठेवलेली टोपली पुढे सरकवली. दाल्लेचा हात रेशमाकडे गेला. परत आला. तिने साधा सुती एकेरी दोरा उचलला, असा की लहान मुलानेही तोडावा.

बेत मनात पक्का झाला म्हणून हाताला कळतं असं नाही. दोन-चार टाके सरळ गेले आणि सुई आपोआप मागे वळली. उलटी टीप. सुनिमनी फळं टांगायच्या काठीने तिच्या मनगटावर हलकेच मारलं. दाल्लेने तो टाका काढला. पुन्हा सरळ गेली. पुन्हा हात मागे वळला, पुन्हा काठी. तिसऱ्यांदा काठी उचलायच्या आत दाल्लेनेच स्वतःच्या हाताला चापट मारली, आणि म्योहे सुनिम हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

शिवण संपायला आली. गाठ मारायची वेळ आली तसा तिचा हात अडला.

"गाठ नाही मारली तर वाटेतच सुटेल, सुनिम."

"सुटू शकेल."

"मग? तिथे कोण शिवायला बसलंय?"

सुनिमनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपलीतून एक सुई काढली, कापडाच्या चिंधीत टोचली, आणि अंगरख्याच्या घडीवर ठेवली.

दाल्ले दचकली. "मानबोक? पुरुष आहे तो!"

त्या मुलखात पुरुषाच्या हाती सुई दिसली तर गाव महिनाभर हसे. दाल्ले स्वतः हसली होती. दारात कागदाचा अंगरखा घालून उभ्या असलेल्या त्या शिपायाला ती मनातल्या मनात हसलीच नव्हती का?

तिने गाठ मारली नाही. बगलेत दोऱ्याचं बोटभर शेपूट तसंच लोंबतं ठेवलं.

...

आई काल गेली ती आली नाही, म्हणून मानबोक दुपार कलल्यावर डोंगर चढून आला. रुंद खांद्यांचा, बापासारखा. धापा टाकत अंगणात उभा राहिला.

"आई! गावभर शोधलं तुला. उद्या निघायचंय मला, आणि तू इथे बसलीस होय!"

"घाल," दाल्ले म्हणाली आणि अंगरखा त्याच्या अंगावर चढवला. छातीवरचे बंद तिनेच बांधले. पोराला तो छान दिसत होता. दोन क्षण तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

"ऊब आहे ना?"

"आहे की."

"आता काढ. आणि उसव."

"काय उसवू?"

"अंगरखा उसव, बगलेत."

मानबोकने आधी आईकडे पाहिलं, मग सुनिमकडे. दोघींपैकी कुणाला वेड लागलंय ते त्याला कळेना. शेवटी आज्ञाधारकपणे त्याने अंगरखा काढला आणि कमरेची सुरी उपसली.

दाल्लेने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की तो ओरडलाच.

"सुरी नाही," ती म्हणाली. "इथे. हे शेपूट दिसतं? हे ओढ."

त्याने ओढलं. सर्रकन दोरा निघून आला, बगल उघडली आणि आतला पिवळट कापूस दिसला.

"आई! मोडला!"

"मोडला नाही. आत हात घाल. कापूस गोळा झाला असेल तिथून सोडव, आणि वर पसर. हं, असा. भिजला की हे करायचं. वाळला की करायचं. खाली सरकला असं वाटलं की थांबायचं नाही, लाजायचं नाही, शेकोटीपाशी बसून पहिलं हेच करायचं. कळलं?"

"हा कापूस जुना दिसतोय."

"तुझ्या बापाचा आहे."

मानबोकचा हात आतच राहिला. हळूहळू, मन लावून, तो कापूस पसरू लागला.

"आता शिव," दाल्ले म्हणाली, आणि सुई पुढे केली.

पोराने सुई घेतली ती कुदळ धरावी तशी. दोरा ओवायलाच त्याचा घाम निघाला. पहिला टाका बोटात गेला, दुसरा अस्तरात राहिला, तिसरा इतका लांब की त्यातून चिमणी गेली असती. शिवण वाकडी चालली, मग आणखी वाकडी. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

गावातली सर्वात चांगली सुई शेजारी बसून हे बघत होती. दाल्लेचे हात शिवशिवत होते. एकच क्षण दे, मी नीट करून देते, एवढंच म्हणायचं होतं तिला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"झालं," मानबोक म्हणाला. "घाण झालंय."

दाल्लेने ती शिवण जवळ घेऊन पाहिली. कोंबडी चालून गेल्यासारखी. तिने बोटाने ती चाचपली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि तशीच राहू दिली.

"पुन्हा उसव," ती म्हणाली. "पुन्हा शिव."

ऊन डोंगराआड सरकेपर्यंत पोरगा उसवत होता आणि शिवत होता. शेवटी शेवटी तर न बघता शेपूट सापडू लागलं त्याला. थंडीने बोटं बधिर झाली तरी सापडलं असतं.

मग मायलेक निघाली. छादोलच्या अंगरख्याचं रिकामं कापड दाल्लेने घडी करून मठातच ठेवलं. सुनिमच्या झग्याला ठिगळांना होईल म्हणाली. मानबोक पुढे चालू लागला. नवा अंगरखा त्याने पुन्हा अंगात घातला होता, आणि चालताना त्याचा हात मधूनमधून बगलेकडे जात होता.

फाटकापाशी दाल्ले वळली. राहवेना तिला.

"सुनिम, तुम्ही टाका दाखवणार होतात. कधीच न सुटणारा."

म्योहे सुनिमनी सोललेल्या फळांची दोरी वळचणीला बांधली, जरा ओढून पाहिली, आणि हात झग्याला पुसले.

"पोरगा आला की अंगरखा धुवायला इथे घेऊन ये," त्या म्हणाल्या. "तेव्हा तूच मला दाखव."